अग्नी आणि सिंहासन : सासानी इराणमधील राजाश्रयाची किंमत

१/
इ.स. २२४ नंतर इराणच्या टाकसाळीत पडलेले एक चांदीचे नाणे. एका बाजूस मुकुटधारी सम्राट अर्दशीर. दुसऱ्या बाजूस सिंहाच्या पंजांसारखे पाय असलेले आसन आणि त्यावर प्रज्वलित अग्निवेदी. आसन राजाचे, वेदी धर्माची. दोन्हींची मिळून एकच आकृती. भोवतीचा पहलवी लेख सांगतो की हा ‘अर्दशीरचा अग्नी’ आहे.

अग्नीवर नाव राजाचे आहे. पुढील चार शतकांची कथा या एका तपशिलात दडलेली आहे. #थ्रेड

२/
सासानी साम्राज्याविषयी (इ.स. २२४ ते ६५१) एक विधान वारंवार केले जाते. धर्म आणि राज्य हे एकाच उदरातून जन्मलेले जुळे भाऊ होते. राज्याने धर्माचे रक्षण केले, धर्माने राज्याला पाया दिला आणि म्हणून दोघेही बलवान झाले, असा त्याचा आशय. चित्र आकर्षक आहे. राजाश्रय मिळाला की धर्म टिकतो, या आजही लोकप्रिय असलेल्या समजुतीला ते बळ देते.

पुरावे मात्र वेगळे काही सांगतात. या नात्यात लगाम जवळजवळ नेहमीच सिंहासनाच्या हाती राहिला आणि त्याची सर्वांत मोठी किंमत धर्माने मोजली.

३/
प्रथम पार्श्वभूमी. सासानींच्या आधी इराणवर सुमारे पावणेपाचशे वर्षे पार्थियन घराण्याची सत्ता होती. अर्दशीर हा त्यांच्या अधीन असलेल्या पार्स प्रांतातील एका स्थानिक घराण्याचा वारस. परंपरेनुसार त्याचा पूर्वज सासान इस्तख्र येथील अनाहिता देवीच्या मंदिराशी संबंधित होता. २८ एप्रिल २२४ रोजी होर्मोझ्दगानच्या रणांगणावर अर्दशीरने पार्थियन सम्राट अर्तबान याला ठार केले आणि ‘शाहानशाह’ ही पदवी धारण केली.

पराक्रमाने राज्य मिळाले. अधिकार अजून सिद्ध व्हायचा होता. कालचा मांडलिक आज सम्राट कसा, या प्रश्नाचे उत्तर हवे होते.

४/
ते उत्तर नक्श-ए-रुस्तमच्या कातळावर कोरलेले आहे. दोन अश्वारूढ आकृती समोरासमोर उभ्या आहेत. एक अर्दशीर, दुसरा साक्षात अहुर मझ्दा. देव राजाला सत्तेचे कडे बहाल करतो आहे. राजाच्या घोड्याच्या टापांखाली अर्तबान पडला आहे. देवाच्या घोड्याच्या टापांखाली दुष्ट शक्तींचा अधिपती अहरिमन.

शिल्पाचा युक्तिवाद सरळ आहे. राजाचा शत्रू हा देवाच्या शत्रूच्या जागी. सत्तापालटाचे रूपांतर विश्वातील सत्-असत् संघर्षात झाले. यानंतर बंडखोर हा केवळ बंडखोर राहत नाही, तो पापीही ठरतो.

५/
ही युक्ती सर्वस्वी नवी नव्हती. सात शतकांपूर्वी हखामनी सम्राट दारयवहु पहिला (ग्रीकांचा डरायस) याने बेहिस्तूनच्या कड्यावर हेच केले होते. अहुर मझ्दाने आपल्याला राज्य दिले आणि विरोधक असत्याच्या आहारी गेले, असे तो सांगतो.

तरीही मोठा फरक आहे. हखामनी शिलालेखांत झरथुष्ट्राचे नाव कोठेही येत नाही. पर्सेपोलिसच्या मातीच्या फलकांवरील हिशेबांत अहुर मझ्दाबरोबर हुम्बान या एलामी देवालाही सरकारी कोठारातून नैवेद्य मिळतो. बाबिलोनमध्ये कुरुश (सायरस) मर्दुक देवाचा लाडका म्हणून मिरवतो. प्रजेचे देव जितके, तितकी राजाची रूपे. एका धर्माची एका घराण्याशी पक्की गाठ बांधली ती सासानींनी.

६/
गाठ बांधण्याचे साधन होते अग्नी. प्रत्येक सासानी सम्राट राज्यारोहणाच्या वेळी स्वतःचा राजाग्नी प्रज्वलित करी. दुसरा सम्राट शापूर पहिला याने काबा-ए-झर्तुश्त या मनोऱ्यावर तीन भाषांत शिलालेख कोरवला. त्यात रोमन सम्राट वॅलेरियनला इ.स. २६० मध्ये कैद केल्याची विजयगाथा आहे आणि तिच्यासोबत धार्मिक देणग्यांची नोंदही आहे.

शापूरने पाच अग्नी स्थापन केले : एक स्वतःच्या, एक कन्येच्या आणि तीन पुत्रांच्या नावे. राजकुलातील व्यक्तींच्या आत्म्यांप्रीत्यर्थ रोज कोकरू, रोटी आणि मद्य किती अर्पण करायचे, तेही नमूद आहे. अग्निपूजेचा खर्च राजाचा, पुण्य राजकुलाचे.

७/
इतका धर्मनिष्ठ सम्राट परधर्मीयांशी कठोर वागला असेल असा तर्क कोणी करील. घडले उलटेच. याच शापूरने मानी नावाच्या तरुण प्रेषिताला दरबारात प्रवेश दिला. इ.स. २१६ मध्ये जन्मलेल्या मानीने झरथुष्ट्र, बुद्ध आणि येशू या तिघांनाही आपले पूर्वसूरी मानणारा नवा धर्म मांडला आणि ‘शाबुहरगान’ हा ग्रंथ शापूरलाच अर्पण केला.

सम्राटाने धर्मांतर केले नाही, पण मानीला प्रवासाची व प्रचाराची मुभा दिली. रोमपासून मध्य आशियापर्यंत पसरू पाहणाऱ्या साम्राज्याला अनेक समाजांशी बोलू शकणारा धर्म उपयोगी ठरू शकतो, हे शापूरच्या ध्यानात आले असावे.

८/
याच दरबारात एक पुरोहितही होता. शापूरच्या शिलालेखातील मानकऱ्यांच्या लांबलचक यादीत तो ‘कर्तीर, हेरबेद’ एवढ्याच उल्लेखाने येतो. हेरबेद म्हणजे धर्मशिक्षक पुरोहित. पारशी धर्मगुरूंच्या नावाआधी आजही लागणारी ‘एर्वद’ ही उपाधी याच शब्दाची वंशज आहे.

यादीत त्याचे स्थान मानाच्या पहिल्या रांगेत नाही. राजपुत्र, सुभेदार, सरदार यांच्या मागून तो येतो. पुढील दोन दशकांत याच कर्तीरने जे साधले, ते सासानी इतिहासात अन्य कोणत्याही पुरोहिताला साधलेले दिसत नाही.

९/
कर्तीरची चढण त्याने स्वतःच दगडावर नोंदवली आहे. शापूरच्या काळी तो हेरबेद. पुढील राजा होर्मिझ्द पहिला याने त्याला टोपी आणि कमरपट्टा दिला, म्हणजे सरदारांची मानवस्त्रे, आणि ‘अहुर मझ्दाचा मोबेद’ केले. बहराम दुसरा (राज्य इ.स. २९३ पर्यंत) याच्या काळी तो साम्राज्याचा मोबेद व न्यायाधीश झाला. सासानी घराण्याच्या मुळाशी असलेल्या इस्तख्रच्या अनाहिता-अग्नीचे अधिपत्यही त्याच्याकडे आले.

येथे थांबून एक गोष्ट पाहावी. प्रत्येक पायरीवर देणारा हात राजाचा आहे. कर्तीरला पुरोहितांच्या सभेने निवडले नाही, कोणत्याही धर्मपीठाने नेमले नाही. त्याच्या सत्तेचे उगमस्थान दरबार होते.

१०/
कर्तीरचे चार शिलालेख उपलब्ध आहेत : काबा-ए-झर्तुश्त, नक्श-ए-रुस्तम, नक्श-ए-रजब आणि सर-मशहद. चारही ठिकाणी राजांची शिल्पे किंवा लेख आधीपासून होते. कर्तीरने आपले शब्द राजांच्या शेजारी, काही ठिकाणी राजांच्या प्रतिमेला लागूनच कोरवले. नक्श-ए-रजब येथे त्याची स्वतःची प्रतिमाही आहे : दाढीविरहित चेहरा, आदराने उंचावलेली तर्जनी.

राजकुलाबाहेरच्या माणसाला राजकातळावर जागा मिळणे ही असामान्य घटना होती. पुरोहित आता राजाच्या सावलीतून बाहेर येऊन राजाच्या बाजूला उभा राहिल्याचा आभास येथे निर्माण होतो.

११/
या शिलालेखांतील सर्वांत गाजलेला भाग म्हणजे ज्यांच्यावर प्रहार केल्याचा कर्तीर अभिमानाने दावा करतो त्या समूहांची यादी : ज्यू, श्रमण, ब्राह्मण, नझरेन, ख्रिस्ती, मक्तग आणि झंदीक, म्हणजे मानीचे अनुयायी.

श्रमण आणि ब्राह्मण हे शब्द इराणच्या कातळावर वाचताना भारतीय वाचक थबकतो. साम्राज्याच्या पूर्वेकडील कुषाण प्रदेशात बौद्ध व वैदिक समाज नांदत होते, त्यांचा हा उल्लेख. तिसऱ्या शतकातील इराण धार्मिकदृष्ट्या किती बहुरंगी होता, हे त्याच्या शत्रूनेच नोंदवून ठेवले आहे.

१२/
परंतु शिलालेख हा अहवाल नसतो, ती जाहिरातही असते. ज्या शतकात ज्यूंवर प्रहार केल्याचे कर्तीर सांगतो, त्याच शतकात मेसोपोटेमियातील सुरा आणि पुम्बेदिथा येथील ज्यू विद्यापीठे आकाराला आली आणि पुढे बाबिलोनी तालमूद याच भूमीत सिद्ध झाला. ख्रिस्ती समाजही नाहीसा झाला नाही. उलट पुढील शतकात तो अधिक संघटित दिसतो.

दावा एवढा मोठा आणि परिणाम एवढा मर्यादित का? कारण छळाची मोहीम चालवायला हवे असलेले सैन्य, करवसुली आणि तुरुंग पुरोहिताकडे नव्हते. ते राजाकडे होते आणि राजा ते आपल्या गरजेपुरतेच देत असे.

१३/
जेथे राजाची इच्छा आणि कर्तीरची इच्छा जुळली, तेथे मात्र परिणाम भीषण झाला. शापूरनंतर काही वर्षांतच बहराम पहिला गादीवर आला. त्याने मानीला बोलावून घेतले, बेड्या घातल्या आणि गुंदेशापूरच्या तुरुंगात मानीचा अंत झाला. मानीच्या अनुयायांच्या परंपरेत या घटनेमागे कर्तीरचे नाव येते.

मानीला अभय देणारा सिंहासनाचा हातच त्याला तुरुंगात टाकणारा ठरला. मानीचा धर्म दोन राजांच्या मधल्या काळात बदलला नव्हता. दरबार बदलला होता.

१४/
आता कर्तीरचे काय झाले ते पाहावे. इ.स. २९३ मध्ये शापूरचा पुत्र नरसेह याने पुतण्याच्या वंशाला दूर सारून गादी मिळवली. त्याच्या पैकुली येथील शिलालेखात कर्तीरचे नाव एकदा दिसते. त्यानंतर शांतता.

आणखी विलक्षण गोष्ट ही की पुढील काळात रचलेल्या झरथुष्ट्री धर्मग्रंथांनाही त्याची आठवण नाही. ‘देनकर्द’सारखा विशाल पहलवी ग्रंथ अर्दशीरकालीन तोसर (तन्सर) या पुरोहिताचा गौरव करतो, कर्तीरचा उल्लेख करत नाही. ज्याने चार कातळांवर स्वतःचे नाव कोरवले, त्याला त्याच्याच धर्माने विसरून टाकले. दरबारातून मिळालेली थोरवी दरबाराबरोबर ओसरली.

१५/
चौथ्या शतकात ख्रिस्ती प्रजेचा मोठा छळ झाला, हे खरे आहे. सुमारे इ.स. ३४० पासून शापूर दुसरा याच्या राजवटीत बिशप सिमोन बर सब्बाए आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. पण ठिणगी कोठे पडली? रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन ख्रिस्ती झाला आणि त्याने शापूरला पत्र लिहून इराणमधील ख्रिस्त्यांचे पालकत्व सांगितले. पाठोपाठ युद्ध आले. शापूरने ख्रिस्त्यांवर दुप्पट कर लादला. तो वसूल करून देण्यास सिमोनने नकार दिला.

परधर्म आधीपासून नांदत होता, तोवर तो सहन झाला. शत्रूराष्ट्राचा धर्म होताच तो राजद्रोह ठरला.

१६/
याचा पडताळा पुढील पिढ्यांत मिळतो. इ.स. ४१० मध्ये यज्दगर्द पहिला याच्या आश्रयाने राजधानी सेलुकिया-टेसिफोन येथे ख्रिस्ती धर्मपरिषद भरली. झरथुष्ट्री सम्राटाच्या आज्ञेने इराणच्या ख्रिस्ती समाजाचा प्रमुख अधिकृत झाला. इ.स. ४२४ च्या परिषदेत या समाजाने पश्चिमेकडील बिशपांची अपिलीय सत्ता नाकारली.

रोमशी नाळ सैल होत गेली तसा या समाजाकडे पाहण्याचा दरबाराचा संशयही कमी होत गेला. छळ पूर्णपणे थांबला नाही, पण त्याचे चढउतार धर्मशास्त्रापेक्षा सीमेवरील परिस्थितीशी अधिक जुळतात.

१७/
यज्दगर्द पहिल्याची दुहेरी कीर्ती अभ्यासण्यासारखी आहे. त्याच्या नाण्यांवर ‘रामशहर’ ही पदवी आहे, म्हणजे राज्यात शांतता राखणारा. ख्रिस्ती लेखक त्याचे गुण गातात. झरथुष्ट्री पुरोहित परंपरेने आणि सरदारांनी मात्र त्याला ‘पापी’ हे विशेषण चिकटवले. तेच पुढे फारसी व अरबी इतिहासांत रूढ झाले.

राज्य आणि धर्म खरोखर जुळे भाऊ असते, तर एकाच घराण्याच्या कायदेशीर सम्राटाला त्याच्याच धर्मगुरूंनी पापी का म्हटले असते? हे विशेषण म्हणजे दोघांमधील भांडणाचा उरलेला पुरावा आहे. त्याच यज्दगर्दने अखेरच्या काळात, एका बिशपने अग्निमंदिर पाडून ते पुन्हा बांधण्यास नकार दिल्यावर, ख्रिस्त्यांवर कारवाई केली. त्याचे धोरण सहिष्णुतेचे होते तितकेच सुव्यवस्थेचे होते.

१८/
पाचव्या शतकाच्या अखेरीस नाते आणखी उघडे पडले. इ.स. ४८४ मध्ये सम्राट पेरोझ हेफ्थलाइट हूणांशी लढताना मारला गेला, खजिना रिता झाला, दुष्काळाने प्रजा गांजली. अशा वेळी गादीवर आलेल्या कवाध पहिल्याने मझ्दक नावाच्या सुधारकाला जवळ केले. संपत्तीची विषमता हेच पापाचे मूळ आहे, अशी त्याची शिकवण होती आणि ती झरथुष्ट्री धर्माचाच खरा अर्थ म्हणून तो मांडत होता.

मझ्दकाविषयीचे वर्णन बहुतेक त्याच्या शत्रूंनी केलेले आहे, हे लक्षात ठेवावे. तरी राजाचा हिशेब स्पष्ट दिसतो. बलाढ्य सरदारांची कोठारे फोडायला कवाधला धर्माची भाषा हवी होती. प्रस्थापित मोबेद ती देईनात, म्हणून त्याने दुसरा गुरू शोधला.

१९/
सरदार आणि पुरोहितांनी इ.स. ४९६ मध्ये कवाधला पदच्युत केले. तो कैदेतून निसटला, हूणांचे सैन्य घेऊन दोन-तीन वर्षांत परतला आणि पुन्हा सम्राट झाला. सरदारांचा जोर मोडल्यावर मझ्दकाची गरज संपली. इ.स. ५२० च्या दशकाच्या अखेरीस युवराज खुस्रोच्या पुढाकाराने मझ्दकाच्या अनुयायांची कत्तल झाली.

मानीच्या कथेची ही दुसरी आवृत्ती होय. एका राजाने उचलून धरावे, काम झाल्यावर त्याच घराण्याने चिरडावे. राजाश्रय हा शब्द मराठीत कौतुकाने वापरला जातो. आश्रय देणाऱ्याला तो काढून घेण्याचाही अधिकार असतो, हे त्या शब्दात दडलेले राहते.

२०/
‘जुळे भाऊ’ ही कल्पना नेमकी याच ठिकाणी समजून घ्यावी. ती ज्या ‘तन्सरच्या पत्रा’त येते, ते पत्र अर्दशीरच्या पुरोहिताने तिसऱ्या शतकात लिहिले असे मानले जाई. आज उपलब्ध असलेली त्याची संहिता तेराव्या शतकातील फारसी ग्रंथात आहे. ती आठव्या शतकातील अरबी अनुवादावर आधारलेली आहे आणि तिच्यातील बराच मजकूर खुस्रो पहिला (इ.स. ५३१ ते ५७९) याच्या काळाशी जुळतो, असे अनेक अभ्यासक मानतात.

मझ्दकानंतरचा हा काळ. समाजाची उतरंड पुन्हा उभारायची होती, करपद्धती नव्याने बसवायची होती. अशा वेळी ‘पूर्वी सगळे कसे एकदिलाने चाले’ असे सांगणारे पत्र उपयोगी पडते. एकोपा मोडल्यानंतर एकोप्याचे सिद्धान्त लिहिले जातात.

२१/
खुस्रोचा पुत्र होर्मिझ्द चौथा याच्या नावावर याच्या नेमकी उलटी प्रतिमा आहे. इतिहासकार तबरीने नोंदवलेल्या कथेनुसार पुरोहितांनी ख्रिस्त्यांवर कारवाईची मागणी केली, तेव्हा सम्राटाने सिंहासनाचे उदाहरण दिले. आसन केवळ पुढच्या दोन पायांवर उभे राहत नाही, मागचे दोनही लागतात. तसेच राज्य एकाच धर्माच्या प्रजेवर उभे राहत नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय.

सासानी राजकारणाचे हे वर्णन जुळ्या भावांच्या प्रतिमेपेक्षा वास्तवाला अधिक जवळचे आहे. होर्मिझ्दला मात्र ते मानवले नाही. इ.स. ५९० मध्ये सरदारांनी त्याला पदच्युत करून आंधळे केले.

२२/
अखेरचा अंक वेगाने घडला. खुस्रो दुसरा याने इ.स. ६०२ पासून रोमविरुद्ध पाव शतक युद्ध चालवले. इ.स. ६१४ मध्ये जेरुसलेम जिंकून ख्रिस्त्यांचा पवित्र क्रूस नेला. त्याची लाडकी राणी शीरीन स्वतः ख्रिस्ती होती, हाही इतिहासाचा विनोदच.

प्रतिहल्ला करताना रोमन सम्राट हेराक्लियसने इराणमधील आदुर गुश्नस्प हे महान अग्निमंदिर उद्ध्वस्त केले. योद्ध्यांचा आणि राजांचा मानला जाणारा हा अग्नी होता. सम्राट तेथे दर्शनाला जात. अग्नीला राजसत्तेचे चिन्ह केल्याचा हा परिणाम : शत्रूला राजाचा अपमान करायचा असला की तो मंदिरावर चालून येतो.

२३/
इ.स. ६२८ मध्ये खुस्रो दुसऱ्याचा वध झाला. पुढील चार वर्षांत गादीवर एकामागून एक दावेदार बसले व उतरले. त्यांत बोरान व आझर्मीदुख्त या दोन राण्याही होत्या. इ.स. ६३२ मध्ये गादीवर आलेला यज्दगर्द तिसरा अरब सैन्यापुढे कादिसिया आणि नंतर नहावंद (इ.स. ६४२) येथे हरला. तो पूर्वेकडे मागे हटत राहिला आणि इ.स. ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला.

परंपरा सांगते की त्याच्या मृतदेहाची व्यवस्था मर्वच्या ख्रिस्ती बिशपने लावली. शेवटच्या झरथुष्ट्री शाहानशाहाची अंत्यक्रिया करणारा झरथुष्ट्री पुरोहित त्या परंपरेत नाही.

२४/
त्यानंतरच्या दोन शतकांची तुलना करावी. इराणचे ख्रिस्ती धर्मपीठ नव्या राजवटीत टिकले, इतकेच नव्हे तर वाढले. इ.स. ६३५ मध्ये त्याचा प्रचारक अलोपेन चीनच्या राजधानीत पोहोचला होता. आठव्या-नवव्या शतकांच्या संधिकालात धर्मप्रमुख तिमथी पहिला बगदादमधून दूरदूरच्या मठांचा कारभार पाहत होता. ज्यू विद्यापीठेही चालू राहिली.

या समाजांपाशी स्वतःच्या शाळा होत्या, न्यायमंडळे होती, वर्गणी गोळा करण्याची सवय होती. सिंहासन त्यांचे कधी नव्हतेच, त्यामुळे सिंहासनाविना जगणे त्यांना माहीत होते. झरथुष्ट्री मोबेद मात्र राज्याचे न्यायाधीश होते, अग्निमंदिरांची इनामे राजांनी दिलेली होती. राज्य कोसळले तेव्हा धर्मव्यवस्थेच्या छताचे वासेही निखळले.

२५/
येथे एक आक्षेप योग्य ठरतो. झरथुष्ट्री धर्माची पीछेहाट केवळ राजाश्रयामुळे झाली का? नाही. पराभव, जिझिया कर, नव्या सत्तेत मिळणाऱ्या संधी, सामाजिक दबाव, कुटुंबांचे टप्प्याटप्प्याने झालेले धर्मांतर ही सारी कारणे होती आणि ती प्रक्रिया शतकानुशतके चालली. शिवाय सासानी आश्रयामुळेच अवेस्तासाठी स्वतंत्र लिपी घडली, २१ नस्कांचा संग्रह सिद्ध झाला, धर्मशास्त्राला न्यायालयाचे बळ मिळाले. हे ऋण नाकारता येणार नाही.

प्रश्न त्या ऋणाच्या अटींचा आहे. जे राजाच्या कोठारातून आले, ते राजाबरोबर जाऊ शकत होते. त्या २१ नस्कांपैकी आज जेमतेम चौथा हिस्सा उरला आहे.

२६/
आणि तरीही धर्म संपला नाही. नवव्या शतकात अब्बासी सत्तेखाली, कोणताही राजा पाठीशी नसताना, आदुरफर्नबग आणि त्याच्यानंतर आदुरबाद या धर्मगुरूंनी ‘देनकर्द’ संकलित केला. आज उपलब्ध असलेल्या पहलवी धार्मिक वाङ्मयाचा मोठा भाग याच पराभूत काळात लिहिला गेला.

वैभवाच्या दिवसांत कर्तीरने स्वतःचे नाव दगडावर कोरले. पडत्या काळात या विद्वानांनी परंपरेचे शब्द हस्तलिखितांत उतरवले. धर्म पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला तो हस्तलिखितांतून.

२७/
काही कुटुंबे समुद्रमार्गे भारतात आली. इ.स. १५९९ मध्ये रचलेल्या ‘किस्सा-ए-संजान’ या काव्यानुसार त्यांनी गुजरातच्या संजान येथे अग्नी प्रतिष्ठित केला. पुढे संजानवर आक्रमण झाले तेव्हा तो अग्नी डहाणू परिसरातील बहरोटच्या डोंगरगुंफेत बारा वर्षे जपला गेला. आजच्या महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील ही गुंफा. ना सैन्य, ना इनाम, ना राजाज्ञा. लाकडे वाहणारी माणसे आणि अग्नी विझू न देणारे पुरोहित, एवढेच.

तो अग्नी पुढे वांसदा, नवसारी, सुरत असा प्रवास करत इ.स. १७४२ मध्ये उदवाडा येथे स्थिरावला. आजही तो प्रज्वलित आहे.

२८/
त्या अग्नीचे नाव ‘इराणशाह’. म्हणजे इराणचा राजा. पारशी समाज आपली वर्षगणना आजही यज्दगर्द तिसऱ्याच्या इ.स. ६३२ मधील राज्यारोहणापासून करतो. सिंहासनाची स्मृती जपली गेली, पण राजपद अग्नीकडे गेले.

अर्दशीरच्या नाण्यावर अग्नी राजाचा होता. चार शतके राजांनी तो वाढवला, वापरला आणि अखेरीस आपल्याबरोबर संकटात ओढला. राजा उरला नाही, तेव्हा त्याचे जतन सामान्य श्रद्धावंतांवर आले आणि त्यांनी त्याला तेराशेहून अधिक वर्षे विझू दिले नाही. राजाश्रयाने धर्म टिकतो असे म्हणणाऱ्याने नक्श-ए-रुस्तमचा कातळ जरूर पाहावा आणि नंतर बहरोटची गुंफाही पाहावी.

#इतिहास #सासानी #इराण